गिटारच्या कॉर्ड नुसत्या धोपटल्यासारख्या वाटतात. त्यात गाणं कसं आणायचं?

कुळागर · रविवार, रात्री १०:१५

चवथ झाली, पाहुणे गेले, आता घर जरा शांत आहे म्हणून मनातली जळजळ इथे ओततो.

आमचं मूळ घर फोंड्याच्या बाजूला. गणपती पाच दिवसांचा. आरत्या घुमट-शामेळ या आमच्या तालवाद्यांवर दणक्यात होतात, तिथे गिटारला कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. पण रात्री जेवणं आटोपली की सोप्यावर बसून गाणी होतात. यंदा मामांनी अभंग धरला. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज खणखणीत, षड्ज काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. मी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पहिल्या घरात) लावला आणि सी, ए मायनर, एफ, जी असं फिरवायला लागलो. दुसऱ्या चरणाला मामा थांबले. इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "फाटल्यादारांत लांकडां कोण फोडटा रे?"

सगळे हसले. मीही हसलो. रात्री झोप मात्र आली नाही.

चार वर्षं वाजवतोय. बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवं दाबून धरायचे) येतात, कॉर्ड बदलताना अडखळत नाही, स्ट्रमिंगचे चार-पाच प्रकार येतात. तरी कुठलंही गाणं घ्या, माझ्या हातून ते एकाच गाण्यासारखं निघतं. मध्यंतरी व्हिडिओ बघून सेव्हन्थ, नाइन्थ, काय काय पाठ केलं. नावं वाढली, आवाज तोच. एकटा माणूस गिटारवर कॉर्डच वाजवतोय पण ऐकताना चाल ऐकू येते, असं काही लोकांचं ऐकतो तेव्हा कळत नाही की ते वेगळं नेमकं काय करतात. जाणकारांनी सांगावं.

तिसऱ्यो · रविवार, रात्री १०:३८

खुर्ची टाकून बसलोय. तुमचे बार कॉर्ड येतात हेच वाचून हेवा वाटला. माझा एफ सात महिन्यांत एकदाही पूर्ण वाजलेला नाही. पहिली तार खट्ट, दुसरी मुकी.

जुना_बँडवाला · रविवार, रात्री ११:०२

कुळागरबाब, एक विचारतो. सी वाजवताना किती तारांवरून हात फिरवता? पाच? सहा? दर वेळी? का?

बावीस वर्षं लग्नांत आणि हॉटेलांत वाजवलं. पहिल्याच महिन्यात आमच्या ट्रम्पेटवाल्या म्हाताऱ्याने माझ्या हातावर टपली मारली होती. "तू काय शेत नांगरतोस?" अमेरिकेत काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं नुसती ऱ्हिदम गिटार वाजवत होते. तीन तारांचा आकार, आणि त्यातलीही कधी एखादीच तार खरी वाजायची. पंधरा-सोळा वादकांच्या बँडला तेवढं पुरलं. तुमच्या सोप्यावर एक मामा आणि एक पेटी. तिथे सहा तारा म्हणजे लाकडंच.

आठवडाभर फक्त तीन बारीक तारा वाजवा. बाकीच्या आहेत हे विसरा. मग बोलू.

आंबाडे_सासव · सोमवार, सकाळी ७:५०

बँडवाल्यांनी दार उघडलंय, मी जरा आत नेते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी मडगावला मुलांना शिकवते. दर बॅचमध्ये एक तरी कुळागर असतो. या सगळ्यांची एकच अडचण असते. त्यांच्या डोक्यात कॉर्ड म्हणजे बोटांचा एक साचा. सीचा साचा उचलला, एफचा ठेवला. प्रत्येक वेळी सगळी बोटं हवेत जातात आणि नव्या जागी आदळतात, आणि कानालाही तेच ऐकू येतं: एक ठोकळा, मग दुसरा ठोकळा.

आता हे विसरा आणि सरगम आठवा. सीला सा धरलं तर

सी म्हणजे सा ग प.
ए मायनर म्हणजे ध सा ग.
एफ म्हणजे म ध सा.
जी म्हणजे प नी रे.

नीट बघा. सी आणि ए मायनर यांत सा आणि ग दोन्ही सारखे आहेत. फक्त प उठून ध होतो. ए मायनरकडून एफकडे जाताना ध आणि सा जागचे हलत नाहीत, फक्त ग उठून म होतो. म्हणजे तीन गायक शेजारी शेजारी उभे आहेत आणि दर वेळी एकच जण एक पायरी चढतोय. तुम्ही काय करता? तिघांनाही स्टेजवरून उतरवता आणि पुन्हा चढवता.

गिटारवर हे असं. आकडे तिसरी, दुसरी, पहिली तार (पहिली म्हणजे सगळ्यात बारीक) या क्रमाने वाचा, फ्रेट कॅपोपासून मोजा.

सी: ५-५-३
ए मायनर: ५-५-५
एफ: ५-६-५
जी: ४-३-३
आणि परत सी: ५-५-३

आता पहिली तार एकटीच वाजवून बघा: प ध ध प. मग दुसरी एकटी: ग ग म रे. मग तिसरी: सा सा सा नी. तीन वेगळ्या चाली आहेत. साध्या, पण गाता येतील अशा. गाऊनच बघा, आधी पहिली, मग तिसरी. शेवटच्या जीवरून सीवर येताना तिसऱ्या तारेचा नी सा वर टेकतो, तिथे पोटात काहीतरी शांत होतं. तेच उघड्या जीवरून उघड्या सीवर उडी मारलीत तर तो नी गर्दीत हरवतो.

हे तिन्ही सूर उलटसुलट रचता येतात. त्याच सीचे याच तीन तारांवर तीन आकार आहेत: ०-१-०, ५-५-३ आणि ९-८-८. पहिल्यात वरचा सूर ग, दुसऱ्यात प, तिसऱ्यात सा. कान सगळ्यात वरचा सूर आधी पकडतो, म्हणून सी हा एक कॉर्ड असला तरी ऐकणाऱ्याला तीन वेगळी वाक्यं ऐकू येतात. चार मात्रा सी असेल तर दोन मात्रा एक, दोन मात्रा दुसरा. कॉर्ड बदलला नाही, तरी काहीतरी चाललंय असं वाटतं.

आपल्या गोव्यात हे नवीन नाही. मांडो, म्हणजे आपली जुनी कोंकणी गाणी ऐका. सहा मात्रांची संथ लय, आणि दुसरा आवाज पहिल्याच्या खाली तिसऱ्या किंवा सहाव्या सुरावर चालत राहतो. कॉर्डचं पुस्तक उघडायच्या आधी हे कानावर पडलेलं असतं. दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर करून बघा: १-०, ३-१, ५-३, ६-५, ८-७, १०-८. म्हणजे सा-ग, रे-म, ग-प, म-ध, प-नी, ध-सा. एवढं हातात बसलं की सीच्या कुठल्याही गाण्यात दोन ओळींच्या मधली जागा भरता येते.

तिसऱ्यो · सोमवार, सकाळी ८:२०

वाचनखूण साठवली. एफ ५-६-५? म्हणजे तो राक्षसी बार न लावता एफ वाजतो?

आंबाडे_सासव · सोमवार, सकाळी ८:३१

वाजतो. २-१-१ नेही वाजतो. पण बार सोडू नकोस रे. एक कर, कॅपो पहिल्या फ्रेटवर लाव आणि तोच एफचा आकार त्याच्या पुढे धर. तिथे सहज वाजला तर दोष तुझ्या बोटाचा नाही, नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत. दुकानात नेऊन घासून घे.

पेटीवाला · सोमवार, दुपारी १:१०

धागा वाचला. सगळं छान आहे. पण मूळ रोगाकडे कोणी बघत नाहीये.

कुळागर, मामांनी धरलेला अभंग कुठल्या रागातला होता?

कुळागर · सोमवार, दुपारी १:४५

भूप. निदान पेटीवर साथ करणारे काका तसं म्हणत होते.

पेटीवाला · सोमवार, दुपारी २:३०

वाटलंच.

भूपात सूर पाच. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. आणि तुम्ही त्या बिचाऱ्यांच्या मागे एफ वाजवून मध्यम लावताय आणि जी वाजवून निषाद. गाणारा माणूस दोन सूर टाळत, जपून पाऊल टाकत चाललाय आणि मागून कोणीतरी नेमके तेच दोन सूर कानात ओरडतंय. मामा थांबले नसते तर मला नवल वाटलं असतं. लाकडं फोडणं हे त्यांचं सौजन्य समजा.

गेली पस्तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो. गिटारवाल्यांबद्दल माझं जुनं मत आहे की त्यांना गाणं ऐकू येत नाही, फक्त कॉर्डचा तक्ता दिसतो. आंबाडेबाईंचं विवेचन सुरेख आहे, पण तेही सी-ए मायनर-एफ-जी या चौकटीतलंच. अभंगाला ती चौकट लागतच नाही.

आणखी एक. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो स्वयंभू गंधार. गिटारवरचा ग त्यापेक्षा १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पेटीचंही तेच दुखणं आहे, ते मी नाकारत नाही. म्हणून गायक ग वर ठेहराव घेतो तेव्हा मी पेटीवर ग दाबून धरत नाही. तुम्ही मात्र सी वाजवून तोच ग दोन-दोन तारांवर ठणठणवता.

जुना_बँडवाला · सोमवार, संध्याकाळी ६:१५

पेटीवाले, तुमच्या तोंडून गिटारवाल्यांबद्दल बरं ऐकायला मिळालं नाही तरी मुद्दा बरोबर आहे. मान्य.

पण चौकट वाईट नाही हो. हीच चौकट आणि तिच्यातल्या फटी ओळखणारे लोक इथूनच मुंबईला गेले. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड. चर्चच्या शाळेत सोल्फेज (सुरांची नावं घेत स्वरलिपी गाणं) आणि व्हायोलिन शिकलेली ही माणसं. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत गायकाच्या मागे जी दुसरी चाल हळूच सरकत असते, तिच्यामागे अशा अरेंजरांचा, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्यांचा हात. त्यांना राग कळायचे नाहीत असं कोण म्हणेल? गोन्साल्विसांनी तर भारतीय संगीत घेऊन मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना केल्या.

पेटीवाला · सोमवार, संध्याकाळी ६:४०

मी कुठे म्हटलं? मी कुळागरांच्या एफबद्दल बोलतोय.

आंबाडे_सासव · सोमवार, रात्री ९:०५

पेटीवाले, दंडवत. राग विचारायला हवा होता, चुकले. पण तुम्ही मला चौकटीत बसवलंत त्याचा राग मनात धरून दुपारभर गिटार घेऊन बसले होते, आणि हे बघा काय सापडलं.

तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट. तो सा. अनामिका तिथे रोवून ठेवायची. आता तिसरी-दुसरी-पहिली:

५-५-३: सा ग प
५-३-३: सा रे प
५-५-५: सा ग ध
५-३-५: सा रे ध

चार आकार, मध्यम-निषाद कुठेही नाही, आणि सा एकदाही हलत नाही. भूपाचे पाचही सूर या चारांत आले. पाश्चात्त्य नावं हवी असतील तर पहिला सी आणि तिसरा ए मायनर. दुसऱ्याला सी सस टू म्हणा नाहीतर जी सस फोर, सूर तेच. जीमधला नी काढून त्या जागी सा ठेवला की जी भूपात येऊन बसतो. एफची गरजच नाही.

कॅपो पहिल्या फ्रेटवर असला की हे सगळं काळी एकमध्ये. मामांचाच सा.

आणि ग च्या ठेहरावावर ५-३-३ वाजवा. ग वाजतच नाही, तो मामांचा मामांनाच राहतो.

पेटीवाला · सोमवार, रात्री ९:४८

हे पेटीवर वाजवून बघितलं.

मत थोडं बदलतोय. थोडं.

काजूबी · सोमवार, रात्री ११:२०

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेच. भजनांसाठी मी गिटार वेगळी लावते. सहावी तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. म्हणजे डी-ए-डी-जी-ए-डी. डेव्ही ग्रॅहम नावाच्या ब्रिटिश गिटारवादकाने १९६० च्या दशकात ही लावणी लोकप्रिय केली. डी ला सा मानलं तर मोकळ्या तारा होतात सा प सा म प सा. तंबोराच मांडीवर. गंधार कुठेच नाही, त्यामुळे शुद्ध ग चा राग असो की कोमल ग चा, भांडण नाही. चाल पहिल्या-दुसऱ्या तारेवर एका बोटाने काढायची, खालच्या तारा मोकळ्या घुमू द्यायच्या.

भूपाला मात्र तिसरी तार नडते, ती म देते. ती तरी टाळायची, नाहीतर दुसऱ्या फ्रेटवर दाबून प करायची.

कुळागर · मंगळवार, रात्री १०:१०

तुम्हा सगळ्यांना देव बरें करूं. दोन दिवसांत चार वर्षांपेक्षा जास्त शिकलो.

५-५-३ वाले आकार बसले. डोक्यात प्रकाश पडला तो तारा एकेकट्या वाजवून गाताना. तिसरी तार गायली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज काहीतरी बरं वाजवतोयस." मी वाजवतच नव्हतो, गात होतो.

एक अडचण. नुसत्या बारीक तीन तारा वाजवल्या की आवाज पातळ होतो, उकुलेलेसारखा. खालची भारी तार पाहिजेच असं वाटतं. आणि मला अख्खी चाल कॉर्डमध्येच वाजवायची आहे, ते अजून येत नाही.

जुना_बँडवाला · मंगळवार, रात्री १०:५५

पातळ वाटतो कारण कानाला सवय नाही. पेटी आणि मामा सोबत असले की पातळ वाटणार नाही. एकटे असाल तेव्हा अंगठा वापरा.

अंगठा म्हणजे वेगळा माणूस समजा. बोटं तीन बारीक तारांवर, अंगठा तीन जाड तारांवर. ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर अंगठा, बाकी बोटं. फादो या पोर्तुगीज गाण्यांत ही कामं दोन वाद्यांत वाटलेली असतात. बारा तारांची गिटारा वर नक्षी काढते आणि साधी गिटार, तिला ते व्हियोला म्हणतात, खालून कॉर्ड आणि खर्ज सांभाळते. आपल्या सोनिया शिरसाट यांचा फादो ऐकाल तेव्हा गाण्याकडे नंतर लक्ष द्या, आधी फक्त ती व्हियोला ऐका. खर्ज एका कॉर्डवरून दुसऱ्यावर उडी मारत नाही. चालत जातो.

तसं चालायला शिका. जीवरून सीकडे जायचंय? सहावी तार तिसरा फ्रेट, पाचवी मोकळी, पाचवी दुसरा, पाचवी तिसरा. प ध नी सा. सीवरून खाली यायचंय? सी, मग जी पण खर्जात बी, मग ए मायनर, मग ए मायनर पण खर्जात जी, मग एफ. खर्ज उतरतो सा नी ध प म. पाचवी तार ३, २, मोकळी, मग सहावी ३, १. एवढ्या एका उतरणीवर मी अर्धा हॉटेलचा पगार कमावला आहे.

पेटीवाला · मंगळवार, रात्री ११:०१

नी आणि म. भूपात.

जुना_बँडवाला · मंगळवार, रात्री ११:०४

अरे बाबा, भूपात नव्हे! सिनेमाच्या गाण्यात! भूपात सा ध प ग रे सा उतरा आणि मला झोपू द्या.

आंबाडे_सासव · बुधवार, सकाळी ८:१५

चाल कॉर्डमध्ये बसवण्याबद्दल. कुळागर, तुम्ही आधी उघडा सी धरा. तोच, पहिल्या महिन्यात शिकलेला. आता बोटं न उचलता बघा काय काय मिळतं:

तिसरी तार मोकळी: खालचा प
तिसरी तार दुसरा फ्रेट: खालचा ध
दुसरी तार पहिला फ्रेट: सा
दुसरी तार तिसरा फ्रेट, करंगळी: रे
पहिली तार मोकळी: ग
पहिली तार तिसरा फ्रेट, करंगळी: प

अख्खा भूप एका सीच्या आकारात. फक्त खालच्या ध साठी मधलं बोट चौथ्या तारेवरून उचलून तिसरीवर न्यावं लागतं. तेव्हा चौथी तार मोकळी पडून रे देते, तो भूपात चालतो. घाबरू नका.

खरी मेख उजव्या हातात आहे. वरून खाली पिक मारताना तो जिथे थांबतो, ती तार चाल म्हणून ऐकू येते. सा हवा असेल तर पिक दुसऱ्या तारेवर थांबला पाहिजे, पहिलीला लागता कामा नये. लागला तर वर ग वाजतो आणि तुमचा सा झाकला जातो. सुरुवातीला हात थांबत नाही, तो सवयीने खाली जातोच. त्यासाठी एक चोरवाट: दुसऱ्या तारेवर दाबलेल्या तर्जनीची खालची कड पहिल्या तारेला नुसती टेकवायची. दाबायची नाही, टेकवायची. मग पिक लागला तरी ती तार नुसती खुट्ट करते.

हे एका दिवसात येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला तीन आठवडे लागले, आणि त्यातले दोन आठवडे ती माझ्यावर चिडलेली होती. मी तिला पिक मारायलाच देत नव्हते, नुसत्या अंगठ्याने वरून खाली सोलायला लावत होते. अंगठा मंद असतो, त्याला थांबता येतं.

आणि प्रत्येक सुराखाली कॉर्ड नको. ओळीत आठ सूर असतील तर कॉर्ड दोनदा, फार तर तीनदा. बाकी सूर एकटे. अमेरिकेतल्या लोकसंगीताच्या गिटारवादक मेबेल कार्टर हेच उलट्या बाजूने करायच्या: चाल अंगठ्याने खालच्या जाड तारांवर, आणि मधल्या रिकाम्या जागेत बोटाने वरच्या तारांवर हलका झटका. कार्टर कुटुंबाची पहिली रेकॉर्डिंग १९२७ ची. अजूनही त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

काजूबी · बुधवार, दुपारी १२:४०

एक लहानशी भर. ध वर जायच्या आधी तिसरी तार मोकळी वाजवून लगेच बोट आपटायचं, पुन्हा पिक न मारता. प मधून ध निघतो, जरा गळ्यासारखा. डी कॉर्ड धरून करंगळीने पहिल्या तारेशी खेळणं सगळेच करतात, इतकं की आता ऐकवत नाही. तीच करामत आतल्या तारांवर केली की कोणाला दिसत नाही, फक्त ऐकू येते.

तिसऱ्यो · बुधवार, दुपारी १:०५

माझ्या तारा पावसात काळ्या पडल्यात, बोट आपटलं की बोटच काळं होतं. या धाग्यावर विचारू का?

जुना_बँडवाला · बुधवार, दुपारी १:३०

विचारलंसच. गोव्याच्या पावसात तारांना तीन महिने पुष्कळ झाले. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या, खालच्या बाजूनेही. गिटार भिंतीवर टांगू नको, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. तुझा एफ अडकण्यात पावसाचाही वाटा असेल. नव्या तारा घेताना बारा-त्रेपन्नऐवजी अकरा-बावन्नचा, म्हणजे जरा बारीक तारांचा सेट घे.

आता मूळ विषय. कुळागरबाब, सगळं शिकून झालं की मामांसमोर त्यातलं काहीही वाजवू नका.

कुळागर · बुधवार, दुपारी १:५०

म्हणजे?

जुना_बँडवाला · बुधवार, दुपारी २:२०

म्हणजे असं की तुम्हाला आता चाल वाजवता येईल, आणि तुम्ही ती मामा गात असताना वाजवाल. मग लाकडांऐवजी मामांना दुसरा मामा ऐकू येईल. ते जास्त वाईट.

गायक गातो तेव्हा तुम्ही खाली. दोन तारा, तीन तारा, एकाच जागी. गायक श्वास घेतो, किंवा चरण संपवून मागच्यांकडे बघतो, ती जागा तुमची. तिथे चार सूर बोला आणि परत खाली जा. आमच्या बँडची एक बाई गायची, तिच्या खांद्याकडे बघून मी वाजवायचो. खांदा वर गेला की श्वास. मग माझी पाळी. तिला कधी कळलं नाही.

पेटीवाला · बुधवार, दुपारी ३:००

याला शंभर टक्के अनुमोदन. भजनी ठेका आठ मात्रांचा. चरण सहसा समेच्या आधीच संपतो, मागे दोन-तीन मात्रा उरतात. तेवढ्यात काय ते बोलून घ्या. सम गाठा, गप्प व्हा. आणि समेवर कॉर्ड खाडकन मारू नका, तिथे पखवाज आहे. त्याला त्याचं काम करू द्या.

आंबाडे_सासव · बुधवार, दुपारी ३:१५

पेटीवाले आणि बँडवाले एकमेकांशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

कुळागर · तीन आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री ११:३०

धागा वर काढतोय, क्षमस्व.

कोजागिरीला परत घरी गेलो होतो. अंगणात मसाला दूध, वर लखलखीत चांदणं, डास मात्र भरपूर. मामांनी तोच अभंग घेतला, मला वाटतं मुद्दाम. पेटीवर तेच काका. कॅपो पहिल्या फ्रेटवर. मी तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट धरला आणि तिथून हललोच नाही. ५-५-३, ५-३-३, अधूनमधून ५-५-५. पिक घेतलाच नव्हता, अंगठ्याने वाजवत होतो. इतकं हळू की पहिल्या चरणाला शेजारच्या आत्येने विचारलं, "वाजता मरे?"

मामांचा खांदा काही वर जात नाही, ते पोटातून श्वास घेतात. पण चरण संपला की त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला जातो. ते हेरलं. पहिल्यांदा त्या जागेत सा रे ग प घेतले आणि सम चुकली, काकांनी चष्म्यावरून बघितलं. दुसऱ्यांदा दोनच सूर घेतले, ध आणि सा. जागेवर बसले.

मामांनी गिटारबद्दल चकार शब्द काढला नाही. एकदाही मागे वळून बघितलं नाही. शेवटचा चरण मात्र चवथीला त्यांनी एकदाच घेतला होता, या वेळी तीनदा घेतला, आणि तिसऱ्या वेळी हात उचलला तो खाली ठेवायला जरा जास्तच वेळ लावला.

पेटीवाला · मंगळवार, सकाळी ६:५०

ती जागा तुम्हाला दिली होती. घेतलीत ना?

कुळागर · मंगळवार, सकाळी ७:१०

घेतली. दोनच सूर.

तिसऱ्यो · मंगळवार, सकाळी ९:००

नट घासून आणला. नवीन तारा, अकरा-बावन्न. काल रात्री एफ वाजला, सहाच्या सहा तारा. बँडवाल्यांची माफी मागतो, पण एकदा तरी सगळ्या वाजवायच्याच होत्या.